बूट का चावतो?

बूट चावतो, असं आपण म्हणतो. चप्पलही चावते. आहे की नाही गंमत? बुटाला ना तोंड, ना दात, तरी तो चावतो! आणि चावतो तो नेमका टाचेच्या मागे, नाहीतर करंगळीच्या कडेला, नाहीतर चवड्याखाली. दुसऱ्या दिवशी तिथं पाण्यानं भरलेला टरटरीत फोड उभा. मग मुलगा लंगडत वर्गात येतो आणि म्हणतो, "बाई, आज मैदानावर नको."

आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात या फोडांशी ओळख नाही असं घर सापडणं कठीण. पहाटे पाच वाजता न्हावरा-चौफुला रस्त्यानं कधी जाऊन पाहा. अंधारात रस्त्याच्या कडेनं मुलं-मुली पळताना दिसतात. कुणाला पोलीस भरतीची धाव मारायची असते, कुणाला सैन्यात जायचं असतं. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच नंबरचा आणि सात नंबरचा. त्यामुळे तिथल्या मुलांना खाकी वर्दी लहानपणापासून डोळ्यांपुढे दिसते. शिवजयंतीला, म्हणजे १९ फेब्रुवारीला, गावोगावची मंडळं शिवनेरीवरून रात्रभर धावत ज्योत आणतात. नवरात्रात अशीच ज्योत तुळजापूरहून येते. शाळांच्या स्पर्धा तर असतातच. आणि आषाढी जवळ आली की तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड, पाटस करत रोटी घाटानं बारामतीकडे निघते, तेव्हा दवाखान्याच्या तंबूपुढे पाय पुढे करून बसलेले वारकरी तुम्ही पाहिले असतीलच.

एवढी माणसं पळतात, चालतात. पण फोड येतो कसा, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "सवय नाही म्हणून!" हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आपण आज शोधू या. त्यासाठी तुम्हाला एक वही लागेल.

जाडशी शंभर पानी वही टेबलावर ठेवा. तिच्यावर तळहात घट्ट दाबा. आता हात वहीवरून घसरू न देता पुढे-मागे ढकला. काय दिसतं? वरचं पान हाताबरोबर जातं, खालचा पुठ्ठा टेबलाला धरून राहतो आणि मधली पानं एकमेकांवरून सरकतात. तुमच्या पायाच्या कातडीत अगदी हेच घडतं बरं का! कातडी म्हणजे एक सलग कापड नव्हे. तिच्यात एकावर एक पापुद्रे असतात. पळताना बुटाच्या आत पायाचं हाड पुढे-मागे होतं, आणि वरची कातडी मात्र मोज्याला, बुटाला धरून जागच्या जागी राहते. मधल्या पापुद्र्यांना ओढ बसते. एकदा बसली तर काही होत नाही. पण तीच ओढ पुन्हा पुन्हा बसली की आतल्या आत पापुद्रे सुटतात, मध्ये फट पडते, आणि आजूबाजूचं पाणी झिरपून त्या फटीत साचतं. झाला फोड तयार.

म्हणजे पाहा, फोड हे खरचटणं नव्हे. खरचटलं की कातडी वरून सोलते. फोडात ती वरून अखंड असते, फाटते ती आतून.

आता थोडं गणित. एक किलोमीटर धावताना मोठ्या माणसाची साधारण हजार पावलं पडतात. तुमची ढांग लहान, त्यामुळे तुमची त्याहून जास्त. हजारच धरली तरी एका पायाची झाली पाचशे. पाच किलोमीटर धावलात तर एका टाचेला अडीच हजार वेळा ती ओढ बसली! (मैदानावर जाऊन स्वतः मोजून पाहा. माझ्या वर्गातल्या मुलांनी मोजली, तेव्हा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि त्यावरून बरीच भांडणं झाली.)

दुसरा प्रयोग पाण्याचा. कोरडे तळहात एकमेकांवर घासा. सहज घसरतात. आता हात किंचित ओलसर करा, घाम आल्याइतके, आणि पुन्हा घासा. आता ते अडखळतात, चिकटतात. घामानं ओलसर झालेली कातडी मोज्याला अशीच घट्ट धरते, आणि जितकी पकड घट्ट तितकी आतली ओढ जास्त. शिवाय भिजलेली कातडी मऊ पडते, लवकर सुटते. म्हणून आमच्याकडे फोडांचे दोन हंगाम असतात. एक उन्हाळ्यात घामाचा, दुसरा पावसाळ्यात चिखलाचा.

फोड तळव्यालाच का, पोटरीला का नाही, असं एकानं मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. पोटरीची कातडी पातळ आणि सैल असते, ओढली की हलते. फार घासली तर सरळ सोलूनच निघते. तळपाय आणि तळहात यांची कातडी जाड, आणि खालच्या भागाला घट्ट बांधलेली. तिथंच आतून पापुद्रे सुटायला वाव मिळतो. सुट्टीत कधी पहिल्यांदाच हातात कुदळ धरली असेल, तर संध्याकाळी तळहातावर काय दिसलं ते आठवा. आणि शेजारी दिवसभर कुदळ मारणाऱ्या काकांच्या हाताला काहीच झालं नव्हतं, तेही आठवा. त्यांच्या हाताला घट्टे असतात. रोज थोडं थोडं घासत गेलं की कातडी स्वतःच जाड होत जाते. "सवय" म्हणतात ती हीच. ती मनाला नव्हे, कातडीला लागते. आणि तिला दिवस द्यावे लागतात.

या घट्ट्यांच्या जोरावर आपल्या पुण्यात एक मोठी गोष्ट घडली आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्यानं मैदानी स्पर्धा भरवल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. त्या स्पर्धांत सुमारे पंचवीस मैलांची एक शर्यत होती. 'डेक्कन मॅरेथॉन' म्हणत तिला. धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. ना शास्त्रशुद्ध सराव, ना नीट खुराक, आणि पायात काही नाही! दाबलेल्या खडीच्या रस्त्यांवरून ती अनवाणी धावली, आणि पहिल्या तिघांनी बऱ्यापैकी चांगल्या वेळात अंतर तोडलं. दोराबजींना याचं फार नवल वाटलं. त्यातूनच पुढच्या वर्षी, १९२० साली, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९वा क्रमांक मिळवला. शंभर वर्षांपूर्वी!

अनवाणी धावणाऱ्यांत जगात सर्वांत गाजले ते इथिओपियाचे अबेबे बिकिला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये नवे बूट त्यांच्या पायाला नीट बसेनात. मग त्यांनी ते बाजूला ठेवले आणि ४२ किलोमीटर अनवाणी धावून सोन्याचं पदक जिंकलं. तेही जागतिक विक्रमासह. आपल्याकडची कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. तीही लहानपणी अनवाणीच धावायची, आणि पुढे २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. शेजारच्या बारामतीत लताबाई करे साठी ओलांडल्यावर नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०२०मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं.

हे वाचून आता उद्यापासून बूट कोपऱ्यात फेकू नका हं! या सगळ्यांचे पाय वर्षानुवर्षं तयार झालेले होते. आणि बिकिलांची गोष्ट अर्धीच सांगायची पद्धत आहे, ती पुरी सांगते. चार वर्षांनी, १९६४ साली टोकियोला, ते बूट घालून धावले आणि पुन्हा जिंकले. वेळ तर आधीपेक्षा तीन मिनिटांनी कमी! पायाला नीट बसणारा बूट मिळाला की तो काही वैरी नसतो. शिवाय आपल्या रस्त्यांवर वेड्या बाभळीचे काटे, बाटल्यांच्या काचा, खिळे. आणि दुपारचं डांबर! तापलेल्या डांबरावर येतो तो फोड घासण्याचा नसतो, भाजल्याचा असतो. त्याच्यापुढे घट्ट्यांचंही फार चालत नाही. ज्योत अनवाणीच आणायची अशी कुणाची श्रद्धा असेल तर तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की पळणं रात्री आणि पहाटे उरका, टप्पे लहान ठेवा. टेम्पो बरोबर असतोच, तो दमलेल्यांसाठीच असतो. त्यात बसायला लाज कसली?

घट्टा फार वाढला तर तोही त्रासाचाच. त्याच्या खाली फोड आला की तो बाहेरून दिसत नाही, नुसता ठणकतो. आंघोळीच्या वेळी पाय भिजले की वजरीनं हलकेच घासावं, एवढं पुरे. ब्लेडनं कापायचं धाडस कुणी करू नये.

आता बुटांकडे येऊ. इथं मुलांनो, वाचता वाचता अंक जरा आई-बाबांच्या हातात द्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी तालुक्याच्या स्पर्धेत तीन किलोमीटर धावण्यासाठी निवडली गेली. एरवी स्लीपर हातात घेऊन बांधावरून पळणारी पोर. वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला. पण लेक तालुक्याला धावणार म्हणून त्यांनी उचल घेऊन तिला नवे बूट आणले. दोन नंबर मोठे. "वाढता पाय आहे बाई, पुढच्या साली पण झाले पायजेत." बूट जपून ठेवले, आणि स्पर्धेच्या सकाळीच पहिल्यांदा पायात घातले. पहिल्या किलोमीटरला ती सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्याला मागे पडायला लागली. शर्यत सोडली नाही तिनं, पण शेवटच्या वळणावर ती टाचा उचलून धावत होती. मोजा काढला तर दोन्ही टाचांच्या कातड्या मोज्याला चिकटून आल्या. वडिलांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "बास झालं. पोरीच्या पायाला सोसत नाही ते पळणं. पुन्हा नाव घालू नका."

आता सांगा, यात त्या पायांचा काय दोष? आणि वडिलांच्या मायेचा तरी काय? मोठ्या बुटात टाच प्रत्येक पावलाला वर-खाली होते. तीन किलोमीटरची पावलं तुम्ही आता मोजू शकता. त्यात बूट नवा, कडक, आणि मोजे शाळेच्या गणवेशातले पातळ नायलॉनचे. कुणाचेही पाय फुटले असते. दोन दिवसांनी ते गृहस्थ शाळेत आले, तेव्हा मी त्यांना वहीचा प्रयोग करून दाखवला. माणूस शेतातला, अशा गोष्टी पटकन ओळखणारा. म्हणाले, "बैलाच्या मानेला जू ढिलं राहिलं की असंच होतं." माझ्या अर्ध्या तासाच्या शिकवण्यापेक्षा हे एक वाक्य भारी होतं! घट्ट जुवानं बैलाची मान दुखते आणि ढिल्या जुवानंही सोलते.

ते बूट परत होणार नव्हते. मग त्यांत एक जाड सुखतळा घातला, मोजा जाड घेतला, नाडी वेगळ्या पद्धतीनं बांधली, आणि आठवडाभर ती ते बूट घालून नुसती शाळेत आली-गेली. नंतर पळाली. आज ती भरतीची तयारी करते आहे.

ती नाडीची पद्धत सांगते, फार उपयोगाची आहे. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. त्यात आपण नाडी कधी ओवतच नाही. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या शेवटच्या भोकात घालायचं, पण पूर्ण ओढायचं नाही. बोट जाईल एवढा फासा बाहेर ठेवायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं टोक उजव्या फाशातून काढायचं, ओढून घट्ट करायचं आणि नेहमीची गाठ मारायची. टाच बुटात जागच्या जागी बसते. करून पाहा, फरक लगेच कळतो.

आणि नवे बूट घ्यायचेच असतील तर संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पळतानाही ते फुगतात. मोजे घालून बूट घाला, उभे राहा, आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का पाहा. तेवढीच हवी. दुकानात चार-सहा पावलं चाला. टाच उचलली जात असेल तर तो नंबर नको, दुकानदार काहीही म्हणो. दोन्ही पाय मोजा, कारण कित्येकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. वाढत्या पायासाठी एक मोठा बूट वर्षभर ओढण्यापेक्षा बरोबर मापाचा साधा बूट घ्यावा, आणि तो आखूड झाला की धाकट्या भावंडाला द्यावा, असं मला तरी वाटतं. मात्र दुसऱ्याचा वापरलेला बूट पळायला घेताना आत हात घालून पाहा. फाटलेलं अस्तर, वर आलेला खिळा, दबलेली टाच असेल तर तो पळायच्या कामाचा नाही.

मोज्यांबद्दल आपल्याकडे एक समज आहे, की सुती तेच चांगलं. अंगात घालायला सुती कपडा उत्तमच. पण लांब पळायला सुती मोजा गैरसोयीचा, कारण तो घाम पितो आणि ओला राहतो. १९९० साली अमेरिकेत धावपटूंना सुती आणि अ‍ॅक्रिलिकचे, असे दोन्ही मोजे घालायला देऊन चाचणी घेतली. अ‍ॅक्रिलिकच्या मोज्यांत फोड कमी आले, आणि आले तेही लहान. अर्थात तो मोजा गादीसारखा जाड विणलेला होता. शाळेचा पातळ नायलॉनचा मोजा त्यात धरू नका! जाड मोजा नसेल तर दोन पातळ मोजे एकावर एक घालावेत. मग घासाघीस दोन मोज्यांमध्ये होते, कातडीला तिचा त्रास कमी. बोटांपाशी मोज्याची जाड शिवण टोचत असेल तर मोजा उलटा घाला. कोण बघतंय बुटाच्या आत?

ओल्या बुटांचं म्हणाल, तर अविनाश साबळेचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. ३ हजार मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत. तिच्यात २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यातली उडी. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं, ते भिजलेल्या बुटांनीच. पण ते आठ मिनिटांचं काम होतं. तुम्ही पावसात ओल्या बुटांनी तासभर पळालात तर फोड ठरलेला. म्हणून ज्योतीच्या टेम्पोत किंवा स्पर्धेच्या पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवा. भिजले की थांबा, पाय पुसा, बदला. बूट वाळत घालताना आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, हे तुमच्या आजीलाही माहीत असेल.

काही मुलं पायाला व्हॅसलिन चोपडतात. सुरुवातीला त्यानं घासणं खरंच कमी होतं, पण तासाभरानं गुण उतरतो आणि कातडी उलट जास्त अडखळते. लांब अंतर असेल तर मध्ये पुन्हा लावावं लागतं. त्यापेक्षा मला आवडतो तो औषधाच्या दुकानातला कागदी चिकटपट्टीचा उपाय. जखमेच्या पट्टीवर लावतात ती पांढरी, पातळ, 'मायक्रोपोर' या नावानं मिळणारी. स्वस्त आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी वाळवंटातल्या सुमारे २५० किलोमीटरच्या, कित्येक दिवस चालणाऱ्या शर्यतींत १२८ धावपटूंच्या पायाला ही पट्टी लावून पाहिली. पायाच्या काही भागाला पट्टी, काही भाग तसाच. २०१६ साली त्यांनी निकाल छापला. पट्टी होती तिथं फोड ४० टक्क्यांनी कमी! पट्टी लावायची ती स्वच्छ, कोरड्या पायाला, पळायच्या आधी, आपल्याला नेहमी जिथं फोड येतो तिथं. एकच थर, सुरकुती न पाडता. सुरकुती पडली तर तीच चावेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोड न सांगता कधीच येत नाही. आधी ती जागा गरम लागते, मग हुळहुळते, चुरचुरते, लाल होते. अजून आत काही सुटलेलं नसतं. त्याच क्षणी थांबून मोजा सरळ केला, आत गेलेला खडा काढला, पट्टी लावली, तर फोड टळतो. दोन मिनिटांचं काम. पण आपण काय करतो? दात-ओठ खाऊन पळत राहतो. बाजूनं ओरडणारेही म्हणतात, "पळ, काही होत नाही!" सरावात तरी हे ऐकू नका. थांबलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येतो. न थांबलेला आठवडाभर बाकावर बसतो. आमच्या मैदानावर नियमच आहे, पाय हुळहुळला की हात वर करायचा. हात वर करणाऱ्याला कुणी हसायचं नाही.

आणि तरी आलाच फोड तर? त्याच्यावरची कातडी ही सगळ्यात चांगली मलमपट्टी असते. तिच्या खाली पाच-सहा दिवसांत नवी कातडी तयार होते. लहान फोड तसाच राहू द्या, वरून स्वच्छ पट्टी लावा. मोठा आणि फार दुखणारा असेल तर आरोग्य केंद्रातल्या ताईंना दाखवा. त्या हात धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला बारीक टोचून पाणी काढतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात. ती सोलायची नाही! कुणी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतं आणि दोरा तिथंच ठेवतं. त्या दोऱ्यावरून जंतू थेट आत जातात. कुणी बिब्बा घालतं. बिब्ब्यानं स्वतःच अंगावर फोड उठतात, हे ज्याला बिब्बा उतला आहे त्याला विचारा. टूथपेस्ट, चुना, राख यांतलंही काही नको. साबण, पाणी, स्वच्छ पट्टी, बस्स.

एवढी काळजी कशासाठी, असं वाटेल. म्हणून एक खरी हकीकत सांगते. १९२४ साली कॅल्विन कूलिज अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचा धाकटा मुलगा, नाव त्याचंही कॅल्विनच, सोळा वर्षांचा. जूनच्या अखेरीस तो व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. कुणी लक्ष दिलं नाही. त्यात जंतू शिरले आणि रक्तात पसरले. ७ जुलैला तो मुलगा गेला. राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, उशाशी देशातले नामांकित डॉक्टर! पण पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८ साली लागायचा होता. आज औषधं आहेत, घाबरायचं कारण नाही. फक्त वेळेवर दाखवायला हवं. फोडात पू दिसला, भोवतीची लाली पसरायला लागली, तिथून वर लाल रेघ चढली, जांघेत अवधाण आलं किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. स्पर्धा उद्या असली तरीही.

शेवटी वारीला जाणाऱ्या आजी-आजोबांबद्दल. त्यांना मधुमेह असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. मघाशी सांगितलेलं ते हुळहुळणं त्यांना कळतच नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि पत्ता लागतो तो मोज्याला किंवा चपलेला डाग दिसल्यावर. अशा माणसानं फोड घरी मुळीच टोचू नये. निघण्याच्या आधी निदान पंधरा दिवस त्यांनी त्याच पायताणात रोज थोडं थोडं जास्त चालावं. नवी कोरी चप्पल घालून देहूला जाऊ नये. मुक्कामावर रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत. त्यांना वाकता येत नसेल, दिसत नसेल, तर हे काम तुम्ही करा. निघायच्या आधी घरी पाय कसा पाहायचा ते दाखवून द्या. टाच, चवडा, बोटांच्या मधल्या बेचक्या. पिशवीत एक छोटा आरसा घालून द्या. तो जमिनीवर ठेवून वर पाय धरला की तळवा दिसतो.